नारळाचे वय

प्रतापगड म्हटले की उर्वरित महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे जावळीच्या अरण्यातला, अफजलखानाच्या भेटीचा गड उभा राहतो. पण भंडारा-गोंदियाकडच्या आमच्या झाडीपट्टीत, धानाच्या बांध्या आणि मालगुजारी तलाव यांच्या या मुलखात, त्या नावासरशी आठवते ती महाशिवरात्रीची जत्रा. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गोठणगावच्या अंगाला, इटियाडोह धरणाच्या पाण्यापासून फारशी दूर नाही अशा या टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, महादेवाचे स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला दर्गाही आहे. त्यामुळे एकाच वाटेने महादेवाचे पोहे, म्हणजे भक्तांचे जथे, गजर करीत चढतात आणि चादर घेतलेले भाविकही चढतात, आणि या दोन्ही प्रकारच्या यात्रेकरूंच्या हातांत जी एक वस्तू सारखीच दिसते ती म्हणजे नारळ.

आता गंमत अशी की या टेकडीवर उभे राहून चहूकडे नजर फेकली तर मोह, तेंदू, ऐन, बांबू आणि बांधाबांधावरच्या शिंदी दिसतात, परंतु नारळाची बाग म्हणून जिला म्हणावे ती पाच-पंचवीस कोसांच्या टापूत आढळत नाही. लहानपणी माझी प्रामाणिक समजूत अशी होती की बत्ताशे जसे हलवाई घालतो तसे नारळही कोठल्या तरी कारखान्यात घडत असावेत, कारण झाडाला लागलेला नारळ मी पाहिला होता तो फक्त कॅलेंडरावरच्या चित्रात. नकाशा उघडून मोजमाप घेतले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते: आम्ही महाराष्ट्राचे असलो तरी आमच्या राज्याचा समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटरांहून अधिक लांब, आणि आंध्र-ओरिसाकडचा पूर्वसमुद्र मात्र पाचशेच्या आसपास. म्हणजे आमच्या महादेवापुढे फुटणारे श्रीफळ कोकणातले असेल असे मानण्याचे काहीच कारण नाही. ते बहुधा आंध्रातून, तामिळनाडूतून किंवा कर्नाटकातून ट्रकांत भरून येते, आणि अरबी समुद्राशी त्याची ओळखही नसते.

जत्रेतला नारळवाला कसा निवड करतो हे एकदा निवांत उभे राहून पाहण्यासारखे आहे. गोणपाटावर रचलेल्या ढिगातून तो एक नारळ उचलतो, कानाशी नेऊन दोनदा हलवतो, दुसऱ्या हाताच्या बोटाने टिचकी मारतो आणि आवाजावरून त्याची प्रतवारी ठरवून वेगवेगळ्या बाजूंना टाकतो, कोणी घासाघीस केली तर म्हणतो, “घ्या ना भाऊ, हा पाणीदार हाये, देवापुढं खोटा निघाला तर परत आना.” त्याचा कान काय ऐकत असतो? तो ऐकत असतो नारळाचे वय. कोवळ्या नारळात पाणी काठोकाठ असते, म्हणून ते बोलत नाही. पक्व नारळात ते थोडे आटून त्याला हिंदकळायला जागा मिळते, म्हणून ते खळखळते. अगदी जुन्यात पाणी संपते आणि मग आतला खोबऱ्याचा गोळाच सुटून खुळखुळू लागतो. या एका फळाच्या शेतीविषयी मी गेल्या काही वर्षांत जे वाचले, आणि कोकणात, गोव्यात हिंडून जे पाहिले, त्यातून माझे असे मत झाले आहे की नारळाच्या शेतीतला प्रांताप्रांतांचा भेद हा माती किंवा पाऊस यांचा जितका आहे त्याहून अधिक तो वयाचा आहे: कोणता मुलूख हे फळ कोणत्या वयात विकतो, आणि तोवर थांबण्याची ऐपत तेथल्या शेतकऱ्याला आहे की नाही, याचा.

हे समजण्यासाठी आधी माडाचा संसार कसा चालतो ते पाहिले पाहिजे. आंबा वर्षातून एकदा मोहरतो, धान एकदा निसवते. माडाला असा हंगामच नाही. त्याच्या शेंड्यातून दरमहा साधारण एक नवी झावळी बाहेर पडते आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय येते. ही पोय फुटली की तिच्या लोंबत्या फांद्यांवर टोकाकडे हजारो नरफुले आणि बुंध्याशी मोजकी, सुपारीएवढी मादीफुले दिसतात. त्यातली निम्म्याहून अधिक बोंडे गळून पडतात, आणि जी टिकतात त्यांना पूर्ण पिकायला बारा महिने लागतात. याचा अर्थ असा की नीट सांभाळलेल्या माडाखाली कोणत्याही दिवशी उभे राहून वर पाहिले, तर एका महिन्याच्या बाळापासून बारा महिन्यांच्या थोरल्यापर्यंत सगळी भावंडे एकाच घरात नांदताना दिसतात. शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे सर्व वयांचे पीक एकाच वेळी लोंबत असते, आणि कोयता कोणत्या घडाला लावायचा एवढाच प्रश्न उरतो. त्या प्रश्नाची उत्तरे मात्र हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी निरनिराळी दिली गेली आहेत.

सर्वांत उतावळे उत्तर म्हणजे फळ जन्मालाच येऊ द्यायचे नाही. पोय फुटण्यापूर्वीच ती दोरीने आवळून, हलके हलके ठोकून, टोकाशी रोज पातळ चकती कापीत राहिले की तिच्यातून जो गोड रस झरतो ती नीरा, आणि आंबली की माडी. कोकणपट्टीवर भंडारी समाजाने आणि गोव्यात रेंदेरांनी हे कसब पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. गोव्यात या ‘सुरे’पासून माडाचा गूळ, व्हिनेगर आणि माडाची फेणीही होते. रोज हातात पैसा देणारे हे उत्पन्न असल्यामुळे सरकारची नजर त्यावर न जाती तरच नवल. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने माडी काढण्याच्या झाडांवर जे कर बसले आणि जो परवान्यांचा जाच सुरू झाला, त्याच्या कैफियती त्या काळच्या उत्तर कोकणात बराच काळ गाजल्या. माड आणि सरकारी दप्तर यांचे सख्य तेव्हापासूनचे बेताचेच आहे. अगदी अलीकडे, २०१६ साली, गोव्याच्या विधानसभेने कायद्यात दुरुस्ती करून माडाला ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळले. फांद्या नाहीत, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो गवताचा दूरचा भाऊबंद, हे सगळे खरे. पण वृक्ष नाही म्हटल्याबरोबर तो परवानगीवाचून तोडता येतो हा त्यातला खरा मुद्दा गोवेकरांच्या तात्काळ ध्यानात आला, एकच गदारोळ उडाला, आणि पुढच्याच वर्षी माडाला त्याचे वृक्षत्व परत देऊन वर राज्यवृक्षाचा मानही बहाल करावा लागला. ज्याच्या सावलीत सबंध गाव वसले आहे त्याला झाड न म्हणण्याइतके शास्त्र कोणी शिकू नये.

सातव्या महिन्याच्या सुमारास फळात पाणी भरपूर, मलई नुकती धरू लागलेली, आणि गोडी सर्वांत अधिक. हे शहाळ्याचे वय. शहाळे विकणारा शेतकरी पाच महिने आधी मोकळा होतो, घड लवकर उतरल्याने माडावरचा भारही हलका होतो, आणि सोलण्या-सुकवण्याची दगदग वाचते. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील मद्दूर हे या व्यापाराचे फार मोठे पीठ आहे, तामिळनाडूत पोल्लाची. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर आणि आता आमच्या नागपुरातही हातगाडीवर जे हिरवे शहाळे मिळते त्याचे मूळ गाव विचारले तर बहुधा ते दक्षिणेत निघते. दवाखान्याच्या दारातल्या शहाळ्याला वर्षभर मागणी असते हे या व्यापाराचे मोठे बळ, आणि ते फळ जड, नाशिवंत व वाहतुकीला महाग हे त्याचे दुखणे. ठेंगण्या जातीचे माड, जे तीन-चार वर्षांत फळतात आणि ज्यांची फळे प्रारंभी हाताने काढता येतात, ते मुख्यत्वे या शहाळ्यांसाठीच लावले जातात.

आणि मग येते आमच्या कोकणाचे उत्तर. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि उत्तरेकडे पालघरच्या किनाऱ्यापर्यंत नारळ आहे, परंतु देशाच्या एकूण उत्पन्नात महाराष्ट्राचा वाटा शेकडा एकाच्या आसपासच भरतो. हिंदुस्थानात सुमारे एकवीस-बावीस लाख हेक्टरांवर दरसाल वीस अब्जांच्या घरात नारळ पिकतात आणि त्यातले नऊ-दशांश केरळ, तामिळनाडू, कर्नाटक व आंध्र या चार राज्यांतले असतात. जगाचा हिशेब केला तर इंडोनेशिया, फिलिपीन्स आणि आपण, हे तीन देशच बाकी सर्वांना मागे टाकतात. मग एवढ्याशा कोकणाबद्दल लांबण लावण्याचे कारण काय? कारण असे की कोकणात नारळाचे शेत नसते, वाडी असते. अलिबागेकडचे अष्टागर घ्या किंवा दक्षिणेत वेंगुर्ल्याकडची एखादी वाडी घ्या: घराच्या परसापासून सुरू होऊन खाडीच्या किंवा समुद्राच्या रेतीपर्यंत जाणारा अरुंद पट्टा, मधे विहीर, पूर्वी तिच्यावर करकरणारा रहाट, पाटातून आळ्याआळ्याला फिरणारे पाणी, माडांच्या मधल्या सावलीत पोफळी, पोफळीला बिलगलेली मिरवेल, खाली केळ, अळू आणि कोपऱ्यात कुळीथ भरडायचे जाते. येथे नारळ बारा महिन्यांचा होऊ देतात, कारण तो घरात लागतो. कोकणच्या स्वयंपाकात ओल्या खोबऱ्याचे वाटप नाही असा दिवस नाही. उलट आमच्याकडे, सावजी रश्श्यात काय किंवा वऱ्हाडी मसाल्यात काय, खोबरे असते ते सुके, भाजून काळपट केलेले. नारळाशी आमची ओळख त्याच्या म्हातारपणी होते आणि कोकण्याची त्याच्या ऐन तारुण्यात, हा सह्याद्रीच्या दोन्ही अंगांमधला भेद पाकशास्त्राच्या पुस्तकांनी फारसा लक्षात घेतलेला दिसत नाही.

रत्नागिरीच्या दक्षिणेस, खाडीपलीकडे, भाट्ये येथे कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. विद्यापीठाची स्थापना १९७२ची, आणि या केंद्राच्या कामगिरीतली सर्वांत मोठी ओळख म्हणजे १९८७ साली प्रसृत झालेली एक निवड जात. गोव्याच्या बाणावली गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘बाणवली’ या जुन्या उंच जातीत फळ हिरवे, गोल व मध्यम आकाराचे देणारे काही माड होते. त्यांचे उत्पन्न वर्षानुवर्षे नोंदवून, चांगली निगा राखल्यास वर्षाला दीडशेच्या आसपास नारळ देणारे माड निवडून ही जात सिद्ध केली गेली. देशातल्या माडाची सरासरी पन्नासेक नारळांच्या आसपास घुटमळते हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. आणि या जातीचे नाव काय ठेवले? ‘प्रताप’. प्रतापगडाखाली राहणाऱ्या माणसाने हे नाव प्रथम वाचले तेव्हा त्याला क्षणभर आपलाच कोणी नातलग रत्नागिरीत नोकरीला लागल्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

उंच जातीच्या माडाला पहिले फळ धरायला सहा ते आठ वर्षे लागतात. पण एकदा धरले की तो साठ-सत्तर वर्षे देत राहतो, आणि ऐंशीच्याही पुढे उभा असतो. ठेंगणी जात लवकर येते पण लवकर थकते. या दोहोंचा संकर करावा ही कल्पना जगात प्रथम प्रत्यक्षात आली ती आपल्याच देशात, १९३२ साली, उत्तर मलबारातील नीलेश्वरच्या संशोधन केंद्रात. पश्चिम किनाऱ्याचा उंच माड ही माता आणि चावक्काडचा हिरवा ठेंगू हा पिता, असा तो विवाह. कोकणातला शेतकरी अजूनही रोपवाटिकेत जाऊन ‘टीडी आहे का?’ असे विचारतो, ‘टॉल’ आणि ‘ड्वार्फ’च्या त्या दोन इंग्रजी अक्षरांमागे हा इतिहास आहे. त्याच परिसरात कासारगोड येथे १९१६ पासून चालत आलेले केंद्र आज मध्यवर्ती लागवड पिके संशोधन संस्था म्हणून नावाजलेले आहे. आणि नारळ विकास मंडळाचे मुख्य कार्यालय कोचीला, १९८१ पासून.

कोकणातली लागवड वरून सोपी दिसते. एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा, तळाला वाळू, शेणखत, जुन्या वहिवाटीप्रमाणे मूठभर मीठ. दोन कवाथ्यांत साडेसात मीटर अंतर, म्हणजे हेक्टरी पावणेदोनशे झाडे. पण साडेसात मीटरांवर लावलेल्या माडांच्या मधली जमीन रिकामी ठेवणे म्हणजे आमदनी सोडून देणे, हे ओळखून भाट्येच्या केंद्राने जायफळ, दालचिनी, काळी मिरी आणि केळ यांची माडांच्या सावलीत जी मांडणी सुचवली तिला ‘लाखी बाग’ असे नाव पडले. त्या काळी लाख रुपये ही छाती दडपणारी रक्कम होती. आता लाखाला तेवढी पत राहिली नाही, पण नाव टिकले आहे. खरी अडचण वेगळीकडेच आहे. एका वाडीत मी पाडप पाहत होतो: पाडेली दोन्ही पायांत काथ्याच्या दोरीचे कडे अडकवून, बुंध्याला तळवे चिकटवून, बेडकासारखा आखडत-उलगडत तीस हात वर गेला, कमरेचा कोयता काढून त्याच्या पाठीनेच नारळावर ठकठक केले, कान दिला, आणि दोन घड सोडून तिसऱ्याला घाव घातला. वाडीचे मालक, सत्तरीचे काका, खालून म्हणाले, “ह्याच्यानंतर वर चढणारा कोणी नाही हो आमच्याकडे. ह्याचा मुलगा मुंबईला.” केरळातही हेच दुखणे इतके वाढले की नारळ विकास मंडळाने २०११ पासून ‘नारळवृक्षाचे मित्र’ या नावाने तरुणांना, मुलींनाही, यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे शिक्षण देण्याची तजवीज केली. सिंधुदुर्गात तर माणसे चढत नाहीत, माकडे मात्र चढतात, आणि सात महिन्यांचे वय त्यांनाही नेमके कळते. शहाळ्याला भोक पाडून पाणी पिऊन टाकलेली फळे खाली पडलेली पाहून काकांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो कोणत्याही पंचनाम्यात मावणारा नव्हता.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर चढले, आणि काही तासांत रायगड व उत्तर रत्नागिरीतल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. धानाचे पीक बुडाले तर आम्ही पुढल्या मृगाची वाट पाहतो. माडाच्या मालकाला सहा ते आठ मृग पाहावे लागतात. नोव्हेंबर १९९६च्या वादळात आंध्रातल्या कोनसीमेने, आणि नोव्हेंबर २०१८च्या ‘गज’ वादळात तामिळनाडूतील तंजावर-पट्टुक्कोट्टै भागाने हेच भोगले. नुकसानभरपाईच्या यादीत तुटलेल्या माडाची किंमत लिहिताना त्याने पुढे दिले असते त्या नारळांचा रकाना कोठे असतो, हे मी अनेकांना विचारले आहे.

कोनसीमेचे नाव निघालेच आहे तर तिच्याकडे वळतो, कारण आमच्या जत्रेतल्या नारळाची सोयरीक बहुधा तेथे जुळते. गोदावरीच्या दोन शाखांनी वेढलेला हा त्रिभुज प्रदेश. धानाच्या शेतांचे बांध आणि कालव्यांचे काठ माडांनी भरलेले, आणि मधोमध अंबाजीपेटा हे नारळाचे नामांकित बाजारपेठेचे गाव. नाशिकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी, आमची वैनगंगा प्राणहितेच्या द्वारा जिच्यात आपले पाणी ओतते ती गोदावरी, समुद्राला मिळण्यापूर्वी ज्या गाळावर थबकते त्या गाळात हे माड उभे आहेत. तेव्हा नवेगाव-इटियाडोहकडचे थोडे पाणी गाढवी नदीतून उतरून, वैनगंगेतून वाहत जाऊन, कोनसीमेच्या नारळात शिरते आणि ट्रकात बसून प्रतापगडाला परत येते असे म्हटले तर ती निव्वळ कविकल्पना होणार नाही. कोनसीमेचा शेतकरी नारळ पिकवतो तो मुख्यतः दूरच्या बाजारांसाठी: अकरा-बारा महिन्यांचे पक्के फळ, सोडण काढून, तोंडाशी शेंडी राखून, म्हणजे देवापुढे ठेवण्याजोगे करून तो ते वरच्या मुलखांत धाडतो. सोलणारा माणूस जमिनीत उभ्या रोवलेल्या लोखंडी पहारेच्या टोकावर फळ दाबून दोन-तीन पिळ्यांत सोडण उतरवतो. डोळ्यांवरचा तंतूंचा झुबका मात्र सोडतो. ती शेंडी केवळ शोभेची नाही. तिच्याखाली तीन डोळे असतात, त्यांतला एक मऊ, आणि त्या मऊ डोळ्याच्या आत नारळाचा कोंब झोपलेला असतो; शेंडी ठेवली की तो डोळा झाकलेला राहतो आणि फळ लांबच्या प्रवासात लवकर नासत नाही. तीन डोळ्यांचे फळ तीन डोळ्यांच्या देवाला, असे यात्रेकरू म्हणतात. व्यापारी निराळ्या कारणाने तेच करतो, आणि दोघांचेही काम साधते.

याहून अधिक थांबणारा शेतकरी कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील तिपटूरला भेटतो. समुद्रापासून दूर, घाटाच्या वरच्या कोरड्या पठारावर, पक्के नारळ सोडणासकट घरातल्या माळ्यावर रचून ठेवतात, आठ-दहा महिने, कधी वर्षभर. आतले पाणी हळूहळू खोबऱ्यात मुरते, खोबरे करवंटीपासून सुटते, आणि हलवले की लाकडी खुळखुळ्यासारखा आवाज येतो. मग फोडून अखंड गोळा बाहेर काढतात, तोच आपला गोटा खोबरे. म्हणजे पोय फुटल्यापासून धरले तर त्या फळाचे वय दोन वर्षांचे होते. लग्नाच्या रुखवतात मांडलेला, वाण्याकडच्या डब्यातून किसणीवर आलेला, दिवाळीच्या करंजीत आणि आमच्या सावजी मसाल्यात विसर्जित होणारा गोटा हा याच थांबण्याचा परिपाक. परंतु माळ्यावर वर्षभर पीक ठेवणे म्हणजे वर्षभर पैसा अडकवून ठेवणे. ज्याला मुलीचे लग्न काढायचे आहे किंवा सावकाराचे देणे आहे त्याला हे परवडत नाही, तो शहाळ्याच्या ट्रकाला हात करतो. केंद्र सरकारही खोबऱ्याचे हमीभाव दोन ठरवते: घाण्याच्या खोबऱ्याचा एक आणि गोट्याचा त्याहून थोडा चढा, २०२५च्या हंगामासाठी ते क्विंटलला अनुक्रमे ११,५८२ आणि १२,१०० रुपये होते. वर्षभर थांबण्याचे सरकारी मोल, पाहा, पाचशे अठरा रुपये!

केरळाबद्दल सर्वांत अधिक लिहावे अशी अपेक्षा असते, पण त्याच्याविषयी सगळेच लिहितात. तेथे बाग नाहीच म्हटले तरी चालेल. सबंध प्रांत हेच एक परसू, ज्याच्या त्याच्या दारी वीस-पंचवीस माड, आणि पीक खोबरेल तेलासाठी. साधारण सहा-सात नारळांचे किलोभर खोबरे होते आणि त्यातला साठ-पासष्ट टक्के भाग तेल. सोडणेही वाया जात नाहीत: खाडीच्या खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवून, बडवून, त्यांचा काथ्या निघतो, आणि १८५९ साली जेम्स डॅरा याने आलप्पुळ्यात काढलेल्या कारखान्यापासून त्या काथ्याच्या चटया जगभर जाऊ लागल्या. याच केरळात १८८२च्या महापुरानंतर प्रथम दिसल्याचे सांगतात तो मूळकुजव्यासारखा मर रोग आजही दक्षिणेकडील माडांना आतून पोखरतो आहे. त्यावर औषध नाही, रोगाला तोंड देणारी जात शोधणे एवढाच मार्ग. आणि १९९८च्या सुमारास एर्नाकुलमकडे दिसलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या इरिओफाईड कोळ्याने पुढच्या काही वर्षांत सगळ्या किनाऱ्याचे नारळ खरबरीत, आखूड करून टाकले. आपल्या जत्रेतल्या ढिगात जे बारके नारळ दिसतात ती बहुधा त्याची करणी.

मग आमच्याकडे नारळ का होऊ नये? हा प्रश्न झाडीपट्टीत दर पाच-दहा वर्षांनी कोणीतरी काढतो. पाऊस आम्हाला तेराशे मिलिमीटरांच्या घरात पडतो, तेवढा माडाला चालतो. पण तो चार महिन्यांत उरकतो, आणि माडाला हवे असते बारमाही ओल, सत्तावीस अंशांच्या जवळपास राहणारे हवामान, रात्र-दिवसांत थोडाच फरक. आमच्याकडे पौषात रात्री दहा अंशांखाली पारा उतरतो आणि वैशाखात तोच पंचेचाळीसला टेकतो. माड मरत नाही, पण बोंडे गाळतो. तरी अगदीच निराश होऊ नये असे एक उदाहरण आमच्या शेजारीच आहे. छत्तीसगडच्या बस्तरात, कोंडागावजवळ कोपाबेडा येथे नारळ विकास मंडळाचे बीजोत्पादन प्रक्षेत्र आहे; समुद्रापासून इतक्या आत, सालवनांच्या मधे, तेथे माड उभे आहेत आणि फळतही आहेत. पठाराची उंची, सिंचनाची सोय आणि मधल्या पिकांची सावली यांनी तेथे उन्हाची धार थोडी बोथट होते.

आमच्या गल्लीत एका आजींच्या अंगणात एक माड आहे. सत्यनारायणाच्या कलशावरच्या नारळाला कोंब आला, तो फेकणे बरे नाही म्हणून त्यांनी सांडपाण्याच्या पाटाशी पुरला, त्याला आता चौदा वर्षे झाली. झाड पन्हाळीच्या वर गेले आहे, झावळ्या तीस-बत्तीस असतील, पोया दरमहा येतात. गेल्या वैशाखात सगळी बोंडे गळून अंगणात सुपाऱ्यांसारखी पसरली होती, आणि आजी ती झाडूने गोळा करून केरात टाकत होत्या. यंदा होळीला मी गेलो तेव्हा त्यांनी मला हाताला धरून झाडाखाली नेले आणि वर बोट दाखवले: तिसऱ्या घडात तीन फळे टिकली होती, मुठीएवढी, हिरवी.